डोळ्यांखालचा काळेपणा आणि नाकातली धूळ

निपाणीत माणसं मनात येईल ते तोंडावर विचारतात. मी इथल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. सभासद येतात, पासबुक काचेखालून आत सरकवतात आणि मी नोटा मोजून देईपर्यंत समोर उभं राहून माझ्या तोंडाकडं बघत बसतात. "बरं न्हाई व्हय बाई?" "झोप हुईना काय?" कन्नड बोलणारे असले तर "आराम इल्लेन्री, मॅडम?" सगळे मायेनंच विचारतात, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण एका म्हातारीनं काचेजवळ तोंड आणून हळूच विचारलं, "घरात काय तरास हाय काय गं पोरी?" ते मात्र लागलं. घरात कसलाही त्रास नव्हता. नवरा समजूतदार आहे, आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, जीव लावतात. आणि माझ्या डोळ्यांखालचा काळेपणा बघून लोक त्यांच्याविषयी भलतंच काही समजत होते. त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला.

काळेपणा मला शाळेपासूनच आहे. आईला आहे, आजीलाही होता. आईनं उमेदीची सगळी वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली आणि उरलेल्या वेळात विड्या वळल्या. तिचं म्हणणं एकच, "आपल्या घराण्यातच हाय ते, त्याला कोण काय करणार?" तिचं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं कळायला मला बरीच वाट चालावी लागली, आणि त्या वाटेवरच्या गोष्टी दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून हे लिहिते आहे.

घरगुती उपाय आमच्याकडं शेजारपाजारातून चालत येतात. काकडीच्या चकत्या, किसलेला बटाटा, थंड दुधात भिजवलेला कापूस, वापरलेल्या चहाच्या पुरचुंड्या, बदामाचं तेल. यातलं बरंचसं मी मनापासून केलं आहे आणि त्यानं काही वाईट झालं नाही. थंड काहीही डोळ्यांवर ठेवलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, सकाळची सूज उतरते, आणि तास-दोन तास चेहरा ताजा दिसतो. चहात कॅफीन असतं, त्याचाही थोडा हातभार लागतो. बदामाच्या तेलानं कोरडी कातडी मऊ होते, बारीक सुरकुत्या कमी दिसतात. रंग मात्र तोच राहतो. लिंबू आणि हळदीचा लेप सांगणाऱ्या काकूंना मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं. पापणीची कातडी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते, अंगावरची सगळ्यांत पातळ. तिथं लिंबाचा रस लावला की जळजळतं, लाल होतं, आणि आपल्या सावळ्या कातडीचा स्वभावच असा की जिथं जिथं दाह होतो तिथं तिथं नंतर डाग पडतो. म्हणजे काळेपणा घालवायला लावायचं आणि काळेपणा वाढवून घ्यायचा.

डॉक्टरकडं जायचं म्हटलं की आम्हा निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की राज्य बदलतं, पण बोलणं बदलत नाही, त्यामुळं दुखणं नीट सांगता येतं. पहिल्यांदा जिथं गेले तिथं मला कुणी तपासलंच नाही. स्वागतकक्षातल्या मुलीनं फोटो काढला, लेसरच्या सिटिंगचं पॅकेज सांगितलं, आजच पैसे भरले तर सूट मिळेल म्हणाली. डॉक्टर आत होते, पण ते पॅकेज घेतल्यावर भेटणार. मी उठून आले. कुठल्या कारणानं काळेपणा आहे हे बघितल्याशिवाय त्यावर यंत्र चालवायला निघणं मला तेव्हाही पटलं नाही, आणि आता तर त्याचा राग येतो.

दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी मला खुर्ची खिडकीपाशी ओढून घ्यायला सांगितली. तोंड उजेडाकडं, हनुवटी जरा खाली, नजर वर. मग पापणीखालची कातडी दोन बोटांनी हलकेच खाली ताणली, सोडली, परत ताणली. नंतर छोटी बॅटरी आधी वरून धरली, मग समोरून. हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "तुम्हीच बघा आता." कातडी ताणल्यावर नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यातली निळसर-जांभळी छटा अजूनच गडद झाली. बाहेरच्या कोपऱ्याकडचा तपकिरी पट्टा होता तसाच राहिला. आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून गालाकडं उतरणारी जी काळी रेघ मला सगळ्यांत जास्त खुपायची, ती समोरून उजेड पडल्यावर जवळजवळ दिसेनाशीच झाली.

तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या त्या. निळसर-जांभळं दिसतं ते पातळ कातडीखालून दिसणारं रक्त. तपकिरी दिसतं ते कातडीत साठलेलं रंगद्रव्य, मेलॅनिन. आणि ती रेघ म्हणजे निव्वळ सावली. तिथं हाडाजवळ खळगा असतो, वरची चरबी किंचित फुगलेली असते, वरून उजेड आला की सावली पडते. रंग नसतोच तिथं, मग क्रीम लावून जाणार काय? बहुतेकांच्यात हे तीन प्रकार मिसळलेले असतात, प्रमाण वेगळं असतं एवढंच. ही खिडकीतली तपासणी कुणालाही घरी करता येते. आरसा, दिवसाचा उजेड आणि स्वच्छ हात एवढं पुरतं. फक्त कातडी खसकन ओढायची नाही.

मग त्यांनी डोळे सोडून नाकाकडं बघितलं. माझ्या नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक बारीक आडवी रेघ आहे. मला ती जन्मापासूनची वाटायची. बाई म्हणाल्या, "लहानपणापासून नाक असं तळहातानं वर घासता ना?" आणि करून दाखवलं. अगदी माझीच लकब. आमच्या घरात सगळे तसंच करतात. खालच्या पापणीखाली एक जादा घडीही होती, तीही त्यांनी दाखवली. सकाळी शिंका येतात का, नाक चोंदतं का, डोळे खाजतात का, तोंड उघडं ठेवून झोपता का? सगळ्याला हो. पण आमच्या गल्लीत सगळ्यांनाच सकाळी शिंका येतात! घराच्या मागच्या बाजूला वखार आहे. तंबाखू आली की चाळणं, झाडणं सुरू होतं, खकाणा उठतो आणि तो थेट आमच्या परसात येतो. वखारीतल्या बायका पदर नाकातोंडावर घट्ट बांधून काम करतात. आईनं तसंच आयुष्य काढलं. शिंक ही आमच्याकडं आजारात कुणी धरलेलीच नाही.

त्यांनी जे समजावलं ते मला पुरतं पटलं, म्हणून सविस्तर सांगते. नाकाच्या आतलं अस्तर ॲलर्जीनं सुजलं की तिथून रक्त परत वाहून नेणाऱ्या शिरांवर दाब येतो. डोळ्यांखालच्या बारीक शिरांचं रक्तही त्याच बाजूनं उतरायचं असतं. ते तुंबतं, शिरा फुगतात, आणि पातळ कातडीतून निळसर-काळं दिसायला लागतं. हे झालं पहिलं. दुसरं म्हणजे खाज. डोळे खाजतात म्हणून आपण चोळतो. चोळल्यानं कातडीला रोज थोडीथोडी इजा होते आणि ती आपल्या बचावासाठी मेलॅनिन तयार करते. म्हणजे निळं नाकामुळं आणि तपकिरी हातांमुळं. वर घराण्यातून आलेली पातळ कातडी आणि खोल खळगा. आईचं 'घराण्यातच हाय' यात एवढंच बसत होतं. शिंका मात्र घराण्यातल्या कमी आणि धुळीतल्या जास्त होत्या.

रक्त तपासायला दिलं, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं की रक्तक्षय धरतात. माझं १०.२ निघालं आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तळाला गेलेला. रक्त कमी झालं की एकूण चेहरा फिकट पडतो आणि त्या फिकटपणावर डोळ्यांखालचं काळं अजून उठून दिसतं. पाळीला दर महिन्याला किती जातं हे त्यांनी विचारेपर्यंत मला कुणी विचारलंच नव्हतं. जिना चढताना लागणारा दम मी वयावर ढकलत होते. आपल्या भागातल्या बायका हे असंच ढकलत राहतात. डोळ्यांखालच्या काळेपणाचं सोडा, नुसत्या दमासाठीसुद्धा एकदा रक्त तपासून घ्यावं असं मी आता भेटेल तिला सांगते.

उपचाराची सुरुवात नाकापासून झाली. नाकात मारायचा स्प्रे दिला, आणि तो कसा मारायचा हे समोर बसवून शिकवलं. मान जरा पुढं झुकवायची. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत, म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं आणि फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर बसत नाही. पडद्यावर रोज बसला तर घोळणा फुटतो. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात जातं. आणि दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडायचं नाही, त्याला रोज नियमानं काही दिवस द्यावे लागतात. सोबत ॲलर्जीची गोळी दिली, तीही झोप न आणणारी, कारण माझं काम नोटांचं. रोज संध्याकाळी घरी आल्यावर मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, पण पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं नको, विहिरीचं तर नकोच.

घरातली धूळ हा त्यातला कष्टाचा भाग. गाद्या-उशांत डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे असतात आणि त्यांची ॲलर्जी फार जणांना असते. आमच्याकडं तर आजीच्या हातच्या वाकळा, जुन्या लुगड्यांच्या थरांवर थर, ऊब अशी की ब्लँकेटला येणार नाही. त्या टाकून द्यायला माझं मन झालं नसतं आणि बाईंनीही टाका म्हटलं नाही. गरम पाण्यात, साठ अंशांच्या आसपास, धुवा म्हणाल्या. एवढी जड वाकळ वॉशिंग मशीनमध्ये मावत नाही. नवऱ्यानं परसात चूल मांडून हंड्यात पाणी तापवलं, आम्ही दोघांनी मिळून धुतल्या, पिळल्या आणि गच्चीवर कडक उन्हात टाकल्या. केर काढायच्या ऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं सुरू केलं. वखारीत चाळण चालू असताना मागची खिडकी बंद. परसातलं गाजरगवत मुळासकट काढलं, हातमोजे घालून, कारण त्याचीही ॲलर्जी होते आणि ती नेमकी पापण्यांवर, मानेवर उठते.

डोळे चोळणं थांबवणं सगळ्यांत अवघड गेलं. हात आपोआप जातो. त्यावर मी टेबलावर ओला रुमाल ठेवायला लागले. खाज आली की तो घडी करून बंद डोळ्यावर नुसता ठेवायचा, घासायचा नाही. गारव्यानं खाज बसते. नाक मोकळं व्हायला लागलं तशी खाजही कमी होत गेली आणि रुमालाची गरज उरली नाही. निळसर छटा त्याच सुमाराला उतरू लागली. कसलीही क्रीम तोवर लावलेली नव्हती.

लोहाच्या गोळीचं एवढंच सांगते की ती चहाबरोबर घ्यायची नाही. चहानं लोह अंगाला लागत नाही. आमच्याकडं उठल्यापासून चहा, आल्यागेल्याबरोबर चहा, म्हणून मी गोळी दुपारी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची ठरवली. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. पोट जड वाटतं, त्याला पाणी आणि पालेभाज्या. आणि हिमोग्लोबिन वर आलं की लगेच गोळी सोडायची नसते, साठा भरायला पुढं काही महिने लागतात. हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, कारण बायका इथंच सोडतात.

क्रीमची पाळी त्यानंतर आली. दिवसा सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, डोळ्यांखालीसुद्धा. झिंक ऑक्साइडचं घेतलं, ते डोळ्यांना कमी झोंबतं. शक्यतो किंचित रंग असलेलं, कारण त्यात आयर्न ऑक्साइड असतं आणि नुसत्या दिसणाऱ्या उजेडानंही सावळी कातडी काळी पडते, त्याला ते अडवतं. स्कूटीवरून जाताना गॉगल. रात्री नायसिनामाइडची साधी क्रीम, आणि ती सोसली म्हटल्यावर आठवड्यातून थोडे दिवस सौम्य रेटिनॉल. मुगाच्या दाण्याएवढं घ्यायचं, दोन्ही डोळ्यांना मिळून. पापणीच्या कडेपर्यंत न्यायचं नाही, बोटाला हाड लागतं तिथंच थांबायचं. गरोदर असताना किंवा तसा विचार असताना रेटिनॉल चालत नाही, हे ज्या मुली ऑनलाइन मागवतात त्यांना कुणी सांगत नाही. तपकिरी पट्टा फिका व्हायला महिने गेले. रोज आरशात बघून काही कळत नाही. मी त्याच खिडकीत, त्याच वेळेला, मोबाइलवर अधूनमधून फोटो काढून ठेवले म्हणून फरक दिसला.

इथं माझ्या नणंदेचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तिनं एका मेडिकलमधून गोरं होण्याची ट्यूब आणली, चिठ्ठीशिवाय मिळाली. सुरुवातीला चेहरा उजळला, गल्लीतल्या बायकांनी नाव विचारून घेतलं. पुढं डोळ्यांखाली लालसर झालं, बारीक शिरा दिसायला लागल्या, चुलीपुढं बसलं की आग आग व्हायची. लावायची थांबवली तर त्याहून वाईट. ट्यूबवरची बारीक अक्षरं मी वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचं स्टिरॉइड. ते पातळ कातडी अजून पातळ करतं, आणि डोळ्यांभोवती बरेच दिवस लावलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. २०१८ साली केंद्र सरकारनं कातडीला लावायची अशी १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवरून मिळायची ती मिळतातच. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही नावं लिहून ठेवा. ट्यूबवर यातलं काही असेल तर डॉक्टरनं सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका, आणि लावत असाल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरला दाखवा. नणंदेनं मला विचारलं, तुझ्या नाकातल्या स्प्रेमध्येही स्टिरॉइडच आहे की. आहे. पण ते मोजून दिलेलं, नाकाच्या अस्तरापुरतं, आणि डॉक्टरच्या नजरेखाली. तिची कातडी आता सावरते आहे, बराच वेळ घेते आहे.

आता झाकण्याविषयी. आत्तींना हे पटत नव्हतं. "थापून काय हुतंय, धुतलं की तेच," असं त्या म्हणायच्या. मला तसं वाटत नाही. औषधानं जे जायचं ते सावकाश जातं आणि जे घडणीतलंच आहे ते जात नाही. तोवर मला रोज काउंटरवर बसायचं असतं. घरच्या माणसांविषयी कुणी गैरसमज करून घेऊ नये यासाठी सकाळची पाच मिनिटं दिली तर त्यात लपवाछपवी कसली?

मी हे आमच्या गल्लीतल्या पार्लरवाल्या ताईकडं शिकले. ती नवऱ्या सजवते, हात फार हलका आहे. तिनं पहिलं सांगितलं की गोऱ्या रंगाचा कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं क्रीम, काळ्यावर लावायचा नाही, राखाडी दिसतं. आमच्याकडं लग्नाच्या फोटोत निम्म्या नवऱ्यांच्या डोळ्यांखाली ती राख दिसते. निळ्या-जांभळ्याला नारिंगी मारतं. रंगांच्या चक्रात निळ्याच्या बरोबर समोर नारिंगी असतो, एकावर एक आले की दोघांचाही रंग मरतो. म्हणून आधी नारिंगी झाक असलेला करेक्टर. उजळ कातडीला पीच, माझ्यासारख्या गव्हाळ-सावळीला नारिंगीकडं झुकलेला पीच, अजून सावळीला गडद नारिंगी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही. जबड्याच्या कडेला बोटभर लावून दाराबाहेर उन्हात यायचं आणि आरशात बघायचं. दुकानदार वैतागला तरी चालेल.

क्रम असा. आधी सनस्क्रीन लावून ते मुरू द्यायचं. घाई केली तर वरचं सगळं गोळा होतं. मग करेक्टर, फक्त जिथं काळं आहे तिथं. माझं नाकाजवळच्या कोपऱ्यात. सगळ्या डोळ्याखाली अर्धगोल फासायचा नाही. अनामिकेनं थोपटायचं, कारण त्या बोटाचा दाब सगळ्यांत कमी पडतो. टापटाप, टापटाप, बोट न सरकवता. कडा कातडीत विरून गेल्या पाहिजेत. त्यावर आपल्याच रंगाचा कन्सीलर, अगदी पातळ. मला वाटायचं जास्त लावलं की जास्त झाकतं. तसं नसतं. जाड थर दुपारपर्यंत सुरकुत्यांत जाऊन बसतो आणि वय दहा वर्षांनी वाढवतो. शेवटी बारीक ब्रशवर चिमूटभर पावडर घेऊन, ब्रश झटकून, नुसता स्पर्श. रेघेची सावली झाकायची युक्ती निराळी आहे. तिथं जरा उजळ छटा, पण निव्वळ रेघेवर, पातळ ब्रशनं ओढायची. शेजारच्या फुगवट्यावर ती गेली की फुगवटा अजून वर येतो.

काजळाचं मला फार वाईट वाटलं, कारण काजळाशिवाय मी स्वतःला कधी बघितलंच नव्हतं. पण खालच्या कडेला घातलेलं काजळ दुपारी पाझरतं आणि आपण सकाळी जे झाकलं त्यावर काळा थर चढवतं. रात्री ते पुसताना कातडी घासली जाते ती वेगळीच. आता मी वरच्या पापणीला घालते. खाली फक्त सणावाराला. रात्री काढताना कापसावर खोबरेल घेऊन तो बंद डोळ्यावर थोडा वेळ ठेवायचा, काजळ सुटतं, मग एकदाच अलगद पुसायचं.

ऑफिसात एक गोष्ट केली तिनं या सगळ्यापेक्षा कमी खर्चात फरक पडला. माझ्या डोक्यावर बरोबर ट्यूबलाइट होती. वरून पडणारा उजेड डोळ्यांखालची प्रत्येक सावली दुप्पट करतो, हे मला त्या बॅटरीनं शिकवलंच होतं. मी मॅनेजरसाहेबांना सरळ सांगितलं की उजेड समोरून हवा, नोटाही नीट दिसतील. त्यांनी वायरमन बोलावून ट्यूब काचेच्या बाजूला सरकवली. आता पासबुक देणाऱ्यांची चौकशी जवळजवळ थांबली आहे.

सगळं गेलं का? नाही. ती रेघ आहे. त्यासाठी हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर असतं, सुईनं खळग्यात भरतात. बाईंनी त्याचा धोकाही लपवला नाही. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाण्याचे प्रकार घडलेले आहेत, क्वचित, पण घडलेले आहेत. मी नको म्हटलं. ज्यांना करायचं त्यांनी ते पार्लरात मुळीच करू नये, अनुभवी तज्ज्ञाकडंच करावं. तंबाखूचा हंगाम आला की निळसर छटाही थोडी परतते, म्हणून वखार सुरू व्हायच्या आधीच स्प्रे चालू करायला सांगितला आहे. आईलाही मी नाकाच्या डॉक्टरकडं नेलं. तिच्या डोळ्यांखालचं आता वयाचं आहे, ते तसंच राहणार, पण तिला रात्री नाकानं श्वास घेता येतो आणि सलग झोप लागते. तिला एवढी शांत झोपलेली मी लहानपणापासून बघितलेली नव्हती.

गेल्या आठवड्यात संकेश्वरहून भाची आली. पुढच्या महिन्यात तिचा साखरपुडा आहे. "मावशी, तुझा तो नारिंगी डबा दे की," म्हणाली. मी तिला आधी खिडकीत बसवलं. कातडी ताणून बघितली, रंग हलला नाही, सगळं तपकिरी. आणि नुसतं खाली नव्हे, वरच्या पापणीवरही. नाक साफ, शिंका नाहीत, डोळे खाजत नाहीत. मग केस बाजूला करून मान बघितली तर मागच्या बाजूला जाडसर, मखमलीसारखा काळा पट्टा. तिला वाटत होतं मळ आहे, घासून घासून तिनं तिथं लाल करून घेतलं होतं. काखेतही तसंच. पाळी दोन-दोन महिने येत नाही, वर्षभरात वजन वाढलंय. हे मी त्वचेच्या बाईंच्या भिंतीवरच्या तक्त्यात बघितलं होतं, इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की मान आणि काखा अशा काळ्या पडतात, काहींचे डोळ्यांभोवतीही. मी डॉक्टर नाही, म्हणून तिला तसलं काही छातीठोक सांगितलं नाही. तिच्या आईला फोन लावला आणि उपाशीपोटीची साखर तपासून डॉक्टरांना मान दाखवायला सांगितली. आधी त्या रागावल्या, मुलीचं लग्न ठरताना तपासण्या कसल्या म्हणाल्या. मग माझ्या हिमोग्लोबिनचं सांगितलं तेव्हा गप्प झाल्या. येत्या सोमवारी रक्त द्यायला जाणार आहेत. मान घासायची बंद केली आहे. आणि साखरपुड्यासाठी तिच्या रंगाचा करेक्टर आम्ही बाजारात उन्हात उभं राहून बघून आणला, माझ्यापेक्षा एक छटा गडद.